थकलेलं माणूस घरीच राहावं म्हणून: शेजाराच्या मदतीनं काळजीची घडी कशी बसवायची

वय झालेलं माणूस घर सोडून संस्थेत जातं, तेव्हा कारण म्हणून आजाराचं नाव सांगितलं जातं. पण जरा खोदून विचारलं, तर घर सुटलेलं असतं दिवसातल्या दोन-चार अवघड वेळांमुळे. पहाटे संडासाला उठताना तोल जातो. आंघोळीची भीती वाटते. दुपारी घरात कुणी नसतं. रात्रीची गोळी घेतली की नाही, ते आठवत नाही. या वेळांना कुणाचा तरी हात मिळाला, तर उरलेला दिवस पुष्कळ जण आपापला निभावतात. या लेखात त्या वेळा शोधायच्या कशा, घरचे, शेजारी, पगारी मदतनीस आणि आरोग्यसेवक यांच्यात त्या वाटून द्यायच्या कशा आणि ही व्यवस्था टिकवायची कशी, हे क्रमानं सांगितलं आहे. लेख घरच्यांसाठी आहे आणि 'आमच्या इमारतीत असे चार-पाच जण आहेत, काहीतरी करायला हवं' असं वाटणाऱ्या शेजाऱ्यांसाठीही.

१. आधी नीट बघा

शरीर आतून खचत जाण्याच्या ज्या अवस्थेला डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणतात, ती म्हणजे नुसतं वय नव्हे. ऐंशीची बाई टुणटुणीत असू शकते आणि अडुसष्टचा माणूस पार खचलेला. अमेरिकन डॉक्टर लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिच्या पाच खुणा मांडल्या. वजन कमी करण्याचा प्रयत्न नसताना वर्षात साडेचार किलोंहून जास्त उतरणं, सततचा थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल घटणं. यातल्या तीन किंवा जास्त दिसल्या तर माणूस फ्रेल, एक-दोन दिसल्या तर उंबरठ्यावर. अशा शरीरात शिल्लक फार थोडी असते. धडधाकट माणसाला दोन दिवसांचा ताप जे करतो, त्याच्या कितीतरी पट हा ताप इथे करून जातो: आधी भूक जाते, मग पायातलं बळ, मग तोल. उंबरठ्यावरच्या माणसाला मात्र व्यायाम, आहार आणि औषधांची छाननी यांनी बरंच मागे आणता येतं. म्हणून 'अजून तसं काही झालेलं नाही' असं वाटतं तीच सुरुवात करायची वेळ.

मग रोजच्या कामांची यादी करा. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये मांडलेली सहा कामं आजही जगभर वापरतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणं-बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये त्यात आठ बाहेरची आणि डोक्याची कामं जोडली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं आणि पैशाचे व्यवहार. प्रत्येकासमोर लिहा: एकट्यानं जमतं, आधारानं जमतं की जमत नाही. बहुतेक घरांत आधी दुसरी यादी ढासळते. बिलं थकतात, गोळ्या चुकतात. पहिली यादी ढासळायला लागते ती साधारण आंघोळीपासून.

ही माहिती विचारून मिळत नाही. "आंघोळ करता ना रोज?" या प्रश्नाला उत्तर "हो" असंच येतं, कारण 'नाही' म्हटलं तर पुढे काय होईल याची धास्ती असते. बघावं लागतं. साबणाची वडी आठवडाभर तेवढीच आहे का, टॉवेल कोरडा ठणठणीत आहे का, फ्रीजमध्ये तेच भांडं चार दिवस पडून आहे का. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकवावे लागतात का. भिंतीवर कमरेच्या उंचीला हातांचे डाग पडले असतील तर माणूस भिंत धरून चालतंय, हे तोंडी चौकशीपेक्षा जास्त खरं.

दोन चाचण्या घरी करता येतात. पहिली: हात टेकायला दांड्या असलेली खुर्ची घ्या, समोर तीन मीटरवर खूण करा. खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीनं खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजतात. चाचणी करताना कुणीतरी शेजारी उभं राहायलाच हवं. दुसरी: पाच मिनिटं आडवं राहिल्यावर बीपी मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर सकाळी उठताना येणाऱ्या चकरांचं कारण सापडलं असं समजा आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.

२. त्यांना काय हवंय ते विचारा

मुलं सुरक्षिततेचा विचार करतात, आई-वडील स्वातंत्र्याचा. दोघंही बरोबर असतात आणि तिथूनच वाद सुरू होतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सारा झँटन यांनी उभा केलेला 'केपेबल' नावाचा कार्यक्रम या बाबतीत मला फार शहाणा वाटतो. त्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारा तज्ज्ञ), नर्स आणि घरदुरुस्ती करणारा कारागीर असे तिघं साधारण चार महिन्यांत मिळून दहाएक भेटी देतात. काय सुधारायचं ते ठरवते ती वृद्ध व्यक्ती. कुणी म्हणतं, मला स्वतः जिना उतरून खाली जाऊन बसायचंय. कुणी म्हणतं, आंघोळीला कुणी आत नको. त्यावरून काम आखलं जातं. चाचण्यांमध्ये या पद्धतीनं रोजच्या कामांतल्या अडचणी कमी झालेल्या दिसल्या.

तुम्हीही तीनच गोष्टी विचारा. दिवसातलं कोणतं काम तुमचं तुम्हालाच करायचंय? कशाची भीती वाटते? कुणाची मदत चालेल आणि कुणाची अजिबात नको? शेवटचा प्रश्न टाळू नका. सुनेनं आंघोळ घातलेली चालत नाही पण अनोळखी नर्स चालते, असं पुष्कळदा निघतं. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. आणि थोडा धोका पत्करायचा हक्क म्हाताऱ्या माणसालाही आहे, हे घरच्यांनी मनाशी ठरवलेलं बरं. पडू नये म्हणून खुर्चीत बसवून ठेवलेलं माणूस काही आठवड्यांत खरंच चालेनासं होतं.

३. चोवीस तासांचा कागद

माझ्या मते सगळ्या मार्गदर्शनातलं हे सर्वांत उपयोगी काम आहे आणि तेच कुणी करत नाही. मोठ्या कागदावर तासातासाच्या ओळी आखा. तीन रकाने: या वेळी काय असतं, कोण हजर असतं, ते आलं नाही तर कोण.

उदाहरणार्थ, पहाटे ४: संडासला उठणं, कुणी नाही, कुणी नाही. इथे लाल खूण. सकाळी ८: गोळ्या, नाश्ता, मुलगी, मुलगी आजारी पडली तर कुणी नाही. अर्धी लाल खूण. दुपारी २ ते ५: झोप, कुणी नाही. संध्याकाळी ६: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असेल तर अस्वस्थपणा याच सुमाराला वाढतो; मदतनीस नेमकी तेव्हाच निघून जाते. पुन्हा लाल.

कागद पुरा झाला की दिसतं, चोवीस तासांपैकी खऱ्या काळजीचे तास चार-पाचच असतात, पण ते विखुरलेले असतात. त्यामुळेच 'पूर्ण वेळ माणूस ठेवा नाहीतर संस्थेत हलवा' हे दोनच पर्याय समोर आहेत असं वाटतं. लाल खुणा एकेक करून मिटवायच्या असतात, आणि प्रत्येकीला माणूसच लागतो असं नाही. पहाटे चारची खूण पलंगाशेजारी खुर्ची-कमोड आणि हालचालीनं आपोआप लागणारा दिवा यांनी मिटू शकते. दुपारची खूण साडेतीनच्या एका फोननं. शनिवार-रविवारचा कागद वेगळा करा. व्यवस्था कोलमडते ती सुट्टीच्या दिवशी.

४. शेजाराचं वर्तुळ

"काही लागलं तर सांगा हं," असं सगळेच म्हणतात. म्हणणारा मनापासून म्हणतो, ऐकणारा भिडेखातर कधीच सांगत नाही, आणि मदत तिथेच विरते. यावर उपाय एकच: ठरावीक, लहान, वार-वेळ असलेलं काम मागायचं. "मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला दहा मिनिटं डोकावाल का?" याला माणूस हो किंवा नाही म्हणू शकतो. असं काम वाटून घेणाऱ्या शेजाऱ्यांच्या वर्तुळाला सहा ते आठ माणसं पुरतात. प्रत्येकाकडे आठवड्याला अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त काम नको. सुरुवातीच्या उत्साहात एक जण रोज यायला लागतो आणि मग दोन महिन्यांत बंद होतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा येऊन वर्षभर टिकणारा बरा.

एक सूत्रधार लागतो. तोच सगळं करणारा नव्हे, फक्त कागद ज्याच्याकडे आहे असा. कोण येणार नाही हे त्याला कळवायचं, बदली तो शोधणार. सूत्रधारालाही बदली हवा. चाव्या दोघांकडेच, आणि त्या कुणाकडे आहेत हे वृद्ध व्यक्तीला माहीत हवं.

काही नियम पहिल्या दिवशीच बोलून घ्या, नंतर अवघड जातं. शेजाऱ्यांनी पैशांना, एटीएम कार्डाला, सहीला हात लावायचा नाही. किरकोळ खरेदीची पावती वहीत चिकटवायची. निजलेल्या-बसलेल्या अवस्थेतले फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. आजाराची चर्चा जिन्यात करायची नाही. आंघोळ घालणं, इंजेक्शन, जखमेची पट्टी, माणूस उचलणं ही कामं शेजाऱ्यांची नव्हेत. ती प्रशिक्षित माणसाचीच. शेजाऱ्याचं काम म्हणजे डोकावणं, बोलणं, सोबत फिरवणं, दवाखान्यात नेणं, औषध आणून देणं, आणि काही वेगळं वाटलं तर सूत्रधाराच्या कानावर घालणं.

आणखी एक. मदत एकाच दिशेनं वाहिली की घेणाऱ्याला ओशाळवाणं वाटतं आणि तो दार लावून घेतो. त्यांच्याकडूनही काहीतरी घ्या: मुलाचा अभ्यास, पार्सल घेऊन ठेवणं, जुन्या कागदपत्रांची माहिती, शिवणातली एखादी युक्ती. तोंडदेखलं नको, खरंच उपयोगाचं.

अशी वर्तुळं औपचारिक रूपातही चालली आहेत. बोस्टनच्या बीकन हिल भागातल्या रहिवाशांनी या शतकाच्या सुरुवातीला वर्गणीवर चालणारी सदस्यसंस्था काढली. तीत वाहतूक, घरदुरुस्ती, सोबत अशी मदत सदस्यांना मिळते, आणि त्या धर्तीवर पुढे अनेक ठिकाणी 'व्हिलेज' उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला 'ऑन लोक' या संस्थेनं दिवसाचं केंद्र, डॉक्टर, फिजिओ आणि ने-आण एकाच छताखाली आणली. संस्थेत ठेवण्याइतपत थकलेली माणसं त्यामुळे रात्री आपल्या घरी झोपू लागली. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये योस द ब्लोक यांनी सुरू केलेल्या 'बुर्टझोर्ग'मध्ये जास्तीत जास्त बारा नर्सेसची तुकडी एका परिसराची जबाबदारी घेते आणि वेळापत्रक स्वतःच ठरवते. केरळात प्रशिक्षित स्वयंसेवकांची गल्लोगल्लीची जाळी अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जातात. या सगळ्यांत पैसा, कायदा, समाज वेगळा आहे. सारखं आहे ते एवढंच की माणसाला ओळखणारी तीच ती मोजकी माणसं पुन्हापुन्हा येतात. रोज नवा चेहरा पाठवणारी सेवा कितीही महाग असली तरी पहिला बदल तिच्या नजरेतून सुटतो.

५. पगारी मदतनीस

ओळखपत्र, आधीच्या दोन घरांचे फोन, आणि तोंडी नव्हे तर लेखी कामाची यादी. काय करायचं याइतकंच काय करायचं नाही तेही लिहा: मनानं औषध देणं, पैसे उसने घेणं, बाहेरच्याला घरात आणणं. आठवड्याची सुट्टी आणि तिची बदली ठरवून द्या. पहिला आठवडा घरच्या कुणीतरी सोबत राहा आणि माणसाला उठवण्याची पद्धत फिजिओकडून दोघांनी मिळून शिका, नाहीतर मदतनीसाची कंबर जाते आणि वृद्धाचा खांदा निखळतो. एक सवय मोलाची आहे: जे काम माणूस हळू का होईना स्वतः करतं, ते त्याच्यासाठी करायचं नाही. शर्टाची बटणं लावायला सात मिनिटं लागत असतील तर लागू द्या.

६. घर

पूर्ण घर बदलायच्या भानगडीत पडू नका. पलंग ते संडास हा रस्ता आधी. रात्री, चष्म्याशिवाय, तुम्ही स्वतः तो एकदा चालून बघा. सुटी पायपुसणी, वायरी, उंबरठ्यावरची उखडलेली पट्टी, दाराशी ठेवलेली बादली हे सगळं त्याच वाटेवर सापडतं.

संडास-बाथरूममध्ये धरायचा दांडा भिंतीत पक्का ठोकलेला हवा. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलत नाही, आणि घसरताना हात नेमका त्यालाच जातो. दांडा कुठे लावायचा हे कारागिरानं अंदाजानं ठरवू नये. माणसाला तिथे बसवून उठायला सांगा, हात आपोआप जिथे जातो तिथे पेन्सिलीनं खूण करा. पक्षाघात झालेला असेल तर धड हाताच्या बाजूला. कमोडची, खुर्चीची आणि पलंगाची उंची अशी हवी की बसल्यावर तळपाय पूर्ण टेकतात आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतात. मऊ, खोल सोफा हा या वयाचा शत्रू. आंघोळ बसून, न घसरणाऱ्या पायांच्या स्टुलावर. दाराची कडी बाहेरून उघडणारी असावी आणि जमल्यास दार बाहेरच्या बाजूला उघडावं, कारण आत पडलेला माणूस आत उघडणारं दार अडवून धरतो.

चप्पल मागून पट्टा असलेली. वॉकर किंवा काठी फिजिओकडून उंची मोजून घ्या: उभं राहून हात सैल सोडल्यावर काठीची किंवा वॉकरची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. उसनी आणलेली काठी बहुधा जास्त उंच असते.

७. गोळ्यांची पिशवी

घरातली सगळी औषधं, मलमं, चूर्णं, झोपेच्या आणि पोटाच्या गोळ्या, जुने उरलेले पत्ते एका पिशवीत भरून एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. एकच घटक दोन नावांनी दोन डॉक्टरांनी दिलेला सापडणं अजिबात दुर्मीळ नाही. वृद्धांसाठी जपून वापरायच्या औषधांची यादी अमेरिकेत मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये सुरू केली आणि ती अजूनही वेळोवेळी सुधारली जाते. त्यात झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या डायझेपाम, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आणि गुंगी आणणारी सर्दीची जुनी औषधं ठळकपणे आहेत. त्यांनी तोल जातो, गोंधळ उडतो. पण झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर मनानं एकदम बंद करू नका. ती हळूहळूच उतरवावी लागते, नाहीतर झटके येण्यापर्यंत मजल जाते.

"प्रत्येक गोळी कशासाठी, आणि यातली कोणती कमी करता येईल?" हा प्रश्न दर सहा महिन्यांनी विचारायचा. उत्तर एका कागदावर: नाव, मात्रा, वेळ, कारण. तो कागद फ्रीजवर, त्याचा फोटो सूत्रधाराकडे. आठवड्याच्या कप्प्यांची डबी एका ठरलेल्या माणसानं, ठरलेल्या वारी भरायची.

८. पायातलं बळ

खचलेल्या माणसाला विश्रांती हवी, हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो स्नायूंचं वस्तुमान गेलं. ते निरोगी होते. आधीच खचलेल्याचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. उलट बाजूनं, व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी घटतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. नुसतं चालणं त्याला पुरत नाही. तोल आणि ताकद दोन्हींचे व्यायाम लागतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून तीन किंवा जास्त दिवस असा व्यायाम सुचवते.

घरी सुरुवात अशी: भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात न टेकवता (जमत नसेल तर टेकवून) उठणं-बसणं, पाच वेळा. मग ओट्याला किंवा भक्कम टेबलाला धरून टाचा उचलणं, एका पायावर दोन-तीन सेकंद उभं राहणं. हृदयाचा त्रास, ताजं फ्रॅक्चर, छातीत दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. शेजारी डोकावायला येतो त्या दहा मिनिटांत हे दोघांनी मिळून केलं तर चुकत नाही.

जेवणात प्रथिनं तिन्ही वेळेला हवीत. वृद्धांसाठी रोज शरीराच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम एवढी मात्रा तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टर ठरवतील. न खाण्याचं कारण पुष्कळदा तोंडात असतं: सैल कवळी, दुखरी हिरडी. आणि एकट्यानं जेवायचा कंटाळा. आठवड्यातून दोन जेवणं कुणासोबत व्हावीत हे वर्तुळाच्या कामात धरा.

९. वही आणि धोक्याच्या खुणा

दाराजवळ एक वही. येणारा प्रत्येक जण तारीख आणि एकच ओळ लिहितो: जेवण, संडास, चाल, मूड, काही वेगळं. महिन्यातून एकदा वजन, त्याच वजनकाट्यावर. एकेक ओळ क्षुल्लक असते, पण "आज अर्धंच जेवले", "आज बोलल्या नाहीत", "आज दुपारीही झोपून" अशा तीन ओळी तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत लागोपाठ दिसल्या की डॉक्टरांना फोन करायची वेळ आलेली असते.

एक-दोन दिवसांत अचानक आलेला गोंधळ, दिवस-रात्रीची गल्लत, किंवा उलट एकदम गप्प आणि झोपाळू होणं याला 'वयाचं' समजू नका. हा डिलिरियम असतो. त्यामागे जंतुसंसर्ग, लघवी अडणं, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं किंवा नवं औषध असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर. शांत प्रकारचा जास्त वेळा निसटतो, कारण त्रास देत नाही. चेहरा एका बाजूला ओढला जाणं, हात खाली पडणं, बोलणं अडखळणं यात तर मिनिटंही मोजायची असतात, थेट रुग्णवाहिका. रक्त पातळ करणारं औषध चालू असताना डोक्याला मार लागला, तर माणूस बरा दिसत असला तरी रुग्णालयात न्या.

पडलेल्या माणसाला बगलेत हात घालून ओढू नका. आधी विचारा कुठे दुखतंय. मांडी-कमरेत कळ असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर हलवायचं नाही. पांघरूण घाला, रुग्णवाहिका बोलवा. दुखत नसेल तर कुशीवर वळवा, मग हात-गुडघ्यांवर, समोर भक्कम खुर्ची. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर, बळकट पायाचा तळवा पुढे टेकवून उठायचं, आणि तुम्ही मागून दुसरी खुर्ची सरकवायची. उचलायचं तुम्ही नाही, उठायचं त्यांनी. ही कसरत धडधाकट असतानाच एकदा करून ठेवा. जमिनीवर तासाहून जास्त पडून राहणं स्वतःच धोक्याचं असतं, म्हणून गळ्यातली घंटी किंवा फोन बाथरूममध्येही सोबत हवा.

१०. रुग्णालयातून परत आल्यावर

डिस्चार्जचा दिवस हा व्यवस्थेच्या परीक्षेचा दिवस. घरी न्यायच्या आधी चार गोष्टी लेखी घ्या: कोणती औषधं नवी, कोणती बंद; कोणत्या खुणा दिसल्या तर परत यायचं; पुढची तपासणी कधी; आणि किती चालवायचं. जुन्या डबीतल्या बंद झालेल्या गोळ्या त्याच संध्याकाळी काढून टाका, नाहीतर दोन्ही चालू राहतात. पहिले दोन आठवडे वर्तुळाची फेरी दुप्पट करा आणि चोवीस तासांचा कागद नव्यानं लिहा, कारण आधी जमत होतं ते आता जमेलच असं नाही. अंथरुणाला खिळलेलं असेल तर टाचा, माकडहाड आणि कंबर रोज उजेडात बघा. दाबल्यावरही न फिकटणारा लाल डाग म्हणजे जखम सुरू झाली आहे.

११. सांभाळणारा

घरातला एक माणूस, बहुतेकदा मुलगी किंवा सून, स्वतःला विसरून जातो. त्याच्यावरचा भार मोजायला स्टीव्हन झारिट यांची २२ प्रश्नांची यादी १९८० च्या दशकापासून वापरतात, पण त्याआधीच्या खुणा घरातच दिसतात: झोप उडणं, लहान गोष्टीवर ओरडणं, स्वतःची तपासणी पुढे ढकलणं. आठवड्यातून एक अर्धा दिवस आणि वर्षातून सलग काही दिवस त्याला पूर्ण मोकळीक मिळेल असं वेळापत्रकातच लिहा. 'जमेल तेव्हा' असं ठेवलं की कधीच जमत नाही. भावंडं लांब राहत असतील तर पैशाचा हिशोब, डॉक्टरांच्या वेळा, औषधांची मागणी ही कामं त्यांच्याकडे द्या.

दमलेल्या हातून कधीकधी खेचाखेच, दटावणी होते; आणि कधी बाहेरचं कुणी पैसे उकळतं. अनाकलनीय वळ, एखाद्या व्यक्तीसमोर गप्प होणं, खात्यातून रक्कम जाणं असं दिसलं तर वर्तुळातल्या कुणीतरी एकांतात, सरळ विचारायला हवं.

१२. कागदपत्रं आणि पुढचा विचार

डोकं शाबूत असताना तीन गोष्टी लेखी व्हाव्यात: उपचारांबद्दलची इच्छा, आपण बोलू शकलो नाही तर कुणी बोलायचं, आणि व्यवहाराचे अधिकार कुणाला. आपापल्या भागातला कायदा वकिलाकडून समजून घ्या.

दर तीन महिन्यांनी, आणि प्रत्येक पडण्यानंतर किंवा रुग्णालयातून आल्यावर, सगळी व्यवस्था पुन्हा तपासा. पुढचे प्रसंग आले तर घरचा हट्ट सोडून दुसऱ्या व्यवस्थेचा विचार करावा: रात्रभर दोन माणसं लागतात आणि ती मिळत नाहीत, माणूस घरातून निघून हरवतं आणि ते थांबवता येत नाही, गॅस-विजेशी खेळ होतो, दुखणं किंवा जखम घरी आटोक्यात राहत नाही, सांभाळणाऱ्याचीच तब्येत ढासळली आहे, किंवा वृद्ध व्यक्ती स्वतःच म्हणते आहे की इथे एकटं वाटतं, माणसांत राहायचंय. दिवसाचं केंद्र, महिन्यातले काही दिवस संस्थेत, नातेवाइकांकडे आलटून पालटून राहणं असे मधले पर्याय आधी चाचपून बघा. जायचं ठरलं तर जागा त्यांना दाखवून, दिवसभर तिथे बसवून मग ठरवा. वर्तुळातली दोन माणसं तिथेही त्याच वारी, त्याच वेळी भेटायला जातील हे आधीच बोलून ठेवा. नव्या जागेतले पहिले काही आठवडे सर्वांत अवघड असतात.